उत्तरदाती क्रमांक चार

प्रिय ठमे,

तुम्हा विद्यार्थ्यांचा अंक पोचला. संपादक म्हणून तुझं नाव वरच छापलंय. सार्वजनिक धोरणावरचं काही वाचायचं म्हणजे मला अजून शब्दकोश जवळ लागतो, पण तुझा लेख त्याच्याशिवाय कळला. नवऱ्यामागे सासरी राहणाऱ्या बाईला हक्काची एक खोली मिळावी, असं तू लिहिलंयस. पाच बायकांच्या हकिगती दिल्यास. त्यातली 'उत्तरदाती क्रमांक चार' मी आहे, हे मला तिसऱ्या ओळीला कळलं.

गाव बदललंस, आणि वर मला शिवणकाम करायला लावलंस. अगं, माझी टीप कधी सरळ आली आहे का? बाकी सगळं तेच. पुतण्याच्या अभ्यासासाठी सोडलेली खोली, सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर स्वयंपाकघरात अंथरायची गादी, आणि पहाटे कोणी पाणी प्यायला यायच्या आत ती गुंडाळायची धांदल. मी तुला यातलं काही सांगितलं नव्हतं. सुट्टीत आलीस तेव्हा माझ्याशेजारी गप्प पडून होतीस. मला वाटलं, दमली असेल पोर.

तुझे बाबा असते तर त्यांनी अंक घेऊन दारोदार मिरवला असता. ते काम आता तुझ्या काकूंनी घेतलंय. परवा मी भाजी निवडत होते आणि त्या मोठ्याने वाचत होत्या. चौथ्या बाईपाशी आल्या आणि त्यांचा आवाजच चढला. "अगं, स्वयंपाकघरात निजवतात तिला! माणसं आहेत की कोण? आणि ही बया तरी मुकाट राहते कशी?" हे त्या मला विचारत होत्या, माझ्याच गुंडाळलेल्या गादीवर बसून. मी म्हटलं, असेल काही अडचण. तर मलाच म्हणाल्या, "तुझ्यासारख्यांमुळेच फावतं असल्या लोकांचं."

त्या वाईट नाहीत गं. त्यांना खरंच दिसलं नाही. मला हसू आलं, आणि मग नळ मोठा सोडून मी भांडी घासत राहिले.

त्यांनी संपादकांना, म्हणजे तुलाच, पत्र लिहायचं ठरवलं. अक्षर बरं म्हणून लिहायला मी. "त्या बाईला म्हणावं, आजच्या आज घर सोड." लिहिलं. "ती निघत का नाही, याचा खुलासा व्हावा." तेही लिहिलं. पत्र सोबत जोडलंय. त्यांना पुढच्या अंकात छापील उत्तर हवंय. नाही आलं तर अंक तुझ्या काकांच्या हातात देणार आहेत. तू काही नाव सांगणार नाहीस, पण काकांच्या ओळखी मोठ्या, ते त्या बाईचा पत्ता काढतील म्हणतात. काका अजून अंकाला पोरांचा खेळ समजतात. पण वाचलं तर लगेच ओळखतील, खोली रिकामी कर असं त्यांनीच तर सांगितलं होतं. तुझं हे शेवटचं वर्ष त्यांच्याच जिवावर चाललंय, आणि वसतिगृहात काही आईला ठेवून घेत नाहीत.

म्हणून हे लिहितेय. गाव आणि शिवणकाम सोडलं तर तुझ्या लेखात एक शब्द खोटा नाही. पडताळल्याशिवाय तुम्ही काही छापत नाही, हेही मागच्या पानावर वाचलं. तरी माझ्यासाठी काकूंच्या पत्राखाली दोन ओळी छाप. म्हणावं, ती बाई घर सोडून गेली. आता तिला आतून कडी लावता येईल अशी खोली आहे. काकूंचं समाधान होईल, अंक कपाटात जाईल. जमलं तर खिडकीचंही लिही.

तुझीच,
आई