गैबीमियांचे कागद

हुपरी, ता. ४ मार्च १९७४

चि. जुलेखास बाबालालचाचाच्या अनेक दुवा. वि. वि. इकडे सर्व खुशाल. मास्तरीण झाल्यापासून तू आम्हाला विसरलीस, अशी धंद्याची चांदीची पैंजणं घासता घासता चाचीची रोजची तक्रार.

पत्रास कारण आनंदाचं. मिरजेच्या उर्दू शाळेतून रिटायर झालेले चमनसाहेब येत्या १५ तारखेला, जुम्म्याच्या नमाजानंतर घरी येणार आहेत. तुझ्या आजोबांच्या, गैबीमियांच्या, कविता उतरून घेऊन छापायच्या म्हणतात. आधी अल्लाची स्तुती, मग पैगंबरांची, मग गझला, शेवटी करबलेच्या रणात पाण्यावाचून मारले गेले त्यांचा शोक, असा जुना शिरस्ता अब्बांनी सगळा पाळला. पण फारसीतला बुलबुल त्यांनी हुपरीच्या बाभळीवर बसवला, आणि करबलेची तहान सांगताना आपल्या आटलेल्या विहिरीचा रहाट वाजवला. मी वाचून दाखवायचो तेव्हा तू रहाटापाशी हमखास रडायचीस. तुझ्याकडे ठेवायला दिलेलं ते गाठोडं एसटीनं घेऊन ये. मांडीवर ठेव, टपावर नको.

लोभ आहेच, तो वाढता असू दे.
बाबालाल

कोल्हापूर, ता. ९ मार्च १९७४

ती. चाचांस जुलेखाचा सलाम. वि. वि. तीन दिवस पत्र लिहून फाडते आहे. चाचा, गाठोडं माझ्याकडे नाही.

पेटीत दोन गाठोडी होती. एकात आजोबांच्या कविता, दुसऱ्यात अम्मीच्या हस्तलिखित कुराणाची जीर्ण पानं. गेल्या पावसाळ्यात पेटी गळतीखाली सापडली, फडकी कुजली आणि कागद एकमेकांत मिसळले. दोन्हींची उर्दू-अरबी लिपी दिसायला सारखीच, कुठला कागद कशातला, मला ओळखू येईना. कुराणाचं जीर्ण पान पायदळी येऊ नये म्हणून नदीत सोडतात, एवढंच माहीत.

मशीद दोन गल्ल्यांवर आहे. मौलवींनी पाच मिनिटांत निवडून दिलं असतं. पण त्यांच्या मुली माझ्या वर्गात आहेत. बाईंना स्वतःच्या आजोबांचं अक्षर वाचता येत नाही हे त्यांना कळेल, याची मला लाज वाटली. मी सगळेच कागद पांढऱ्या कपड्यात बांधले, आत दगड घातला आणि पंचगंगेत सोडले. वर पुण्य केल्यासारखी घरी आले.

तुम्ही इतकी वर्षं वाचलंत. आठवेल तेवढं साहेबांना सांगा. वाटेल तितकं रागवा, पण लोभ तोडू नका.
तुमची जुलेखा

हुपरी, ता. १६ मार्च १९७४

चि. जुलेखास दुवा. वि. वि. तुझं पत्र वाचलं. चांगलं खरमरीत लिहायचं ठरवलं होतं.

काल चमनसाहेब आले. कागद नदीत गेले म्हटल्यावर चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, तुमच्या तोंडात हाईत की, सांगा. मी चार कविता सांगितल्या. बुलबुलाची त्यांनी दोनदा म्हणवून घेतली, रहाटाच्या वेळी डोळे पुसले. मग पाचवी सांगा म्हणाले.

जुलेखा, ती लिपी मलाही येत नाही. मराठी चौथी झाली आणि अब्बांनी मला चांदीच्या भट्टीवर बसवलं. त्यांच्याकडून ऐकून चारच पाठ झाल्या होत्या. कागद तोंडापुढं धरून त्याच म्हणायचो. गाठोड्यात साठाच्या वर होत्या. मरताना अब्बा म्हणाले, लिपी शिकून उरलेल्या तू वाच, वाचणारा म्हणून मी फक्त तुलाच ठेवून चाललोय. मी हो म्हटलं, शिकलो मात्र नाही. नंतर ते गाठोडं डोळ्यासमोर नको म्हणून तुझ्याकडे धाडलं.

साहेब पेन उघडून वाट बघत होते. मी पुढच्या नमाजाची वेळ झाली म्हणालो आणि उठलो. झाली नव्हती.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.
बाबालाल