नम्रतेत पहिला नंबर

३ फेब्रुवारी, रविवार
पाळकसाहेबांनी आज उपदेशात नम्रतेचं उदाहरण म्हणून आमच्या साडूभाऊंकडे बोट दाखवलं. साडूभाऊ म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, धंदा रंगाऱ्याचा. चर्चच्या खिडक्यांना फुकट हिरवा रंग देतायत. सगळी मंडळी माना वळवून शेवटच्या बाकाकडे बघायला लागली. मी पहिल्या बाकावर. मलाही वळवावी लागली. मान अजून दुखतेय.

मी ऑफिसात अठरा माणसांचा साहेब आहे, तरीही नम्र आहे. हे जास्त अवघड. याचं कुणाला काही आहे का?

२४ला चर्चचा कारभार पाहणाऱ्या मंडळावर नवा पंच निवडायचाय. आमच्यात कुणी उभं राहत नाही, प्रचार नाही. सर्वांत नम्र वाटेल त्याचं नाव कोऱ्या चिठ्ठीवर लिहायचं. तीन आठवडे हातात आहेत. साडूला मागे टाकायचंच.

१० फेब्रुवारी, रविवार
शेवटच्या बाकावर बसायला गेलो. साडूभाऊ आधीच तिथे. त्यांच्या मागे बाकच नाही. मग उपासनाभर दाराशी उभा राहिलो. बाहेर अवकाळी पाऊस, तिघांनी ओल्या छत्र्या हातात दिल्या. एका बाईंनी गाडी कुठे लावू म्हणून विचारलं. पाळकसाहेबांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

१६ फेब्रुवारी, शनिवार, दुपार
चर्चमध्ये कुणी नसताना सगळे बाक पुसले. गुप्त सेवा. फक्त चष्म्याची डबी पुढच्या बाकावर विसरलो. आत व्हिजिटिंग कार्ड आहे. उद्या कुणाला तरी सापडेल, चौकशी होईल, मग माझा इलाज नाही.

संध्याकाळी
डबी साडूभाऊंना सापडली. घरी आणून दिली. झाकणावर हिरवा अंगठा उमटवून ठेवलाय. बाक तुम्हीच पुसलेत हे कळलं, पण कुणाला बोलणार नाही, निश्चिंत राहा, असं वर हळूच सांगून गेले. बायकोने त्यांना चांगल्या कपात चहा दिला. माझा जळफळाट झाला. म्हणजे दुःख झालं.

१७ फेब्रुवारी, रविवार
उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगायला, उभा राहिलो. विषय, मी स्वतःला शून्य कसं केलं. मुद्दे सात. तिसऱ्या मुद्द्यालाच पाळकसाहेबांनी गीत सुरू केलं. साडूभाऊंनी टाळ्या वाजवल्या, एकट्याने. छद्मी माणूस.

२३ फेब्रुवारी, शनिवार
सगळं प्रभूच्या हाती सोपवलं. आता मला काही नको. मतांचा अंदाज: छत्रीवाले तिघे, आमच्याच चर्चला येणारा ऑफिसातला टायपिस्ट, गाडीवाल्या बाई. बायकोचं तर धरलेलंच आहे.

२४ फेब्रुवारी, रविवार, दुपार
चिठ्ठीवर माझंच नाव लिहिलं. यात गर्व नाही. सर्वांत नम्र वाटेल त्याचं लिहा म्हणाले. देवाच्या घरात खोटं कसं लिहू?

संध्याकाळी
आकडेमोडीत पक्का म्हणून मोजायला मलाच बसवलं. साडूभाऊ एकाहत्तर. मी दोन.

एक चिठ्ठी माझ्या अक्षरातली. दुसरी बायकोची असणार म्हणून जरा मायेने उलटून पाहिली. कोपऱ्यात हिरवा अंगठा.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, तुम्हाला किती मिळाली. दोन, म्हणालो. तिला खरोखर नवल वाटलं. दुसरं कुणाचं, म्हणाली.