किरेनियाजवळचं आपलं घर

आई,

मनातल्या मनात तुझे दोन्ही हात हातात घेऊन लिहितेय. मी सुखरूप आहे, वेळेवर जेवतेय. वाटाड्या घेतला नाही. नकाशा घेऊन एकटीच बेटभर हिंडते. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचा किरेनियाचा किल्ला पाहिला, डोंगरातला जुना मठही पाहिला. लंडनच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत?

तू नको म्हणाली होतीस, तरी काल आपल्या गावात गेले. रागावू नकोस. युद्धात तुम्हाला सोडावं लागलेल्या आपल्या घरात आता एमिने नावाची तुर्की म्हातारी राहते. त्याच युद्धात तीही दक्षिणेतलं पाफोसकडचं घर सोडून आलेली; तिकडे ग्रीक शेजाऱ्यांत वाढली, म्हणून तिला आपली ग्रीक येते.

“कोणाची गं तू?” तिनं दारातच विचारलं. मी तुझं नाव सांगितलं, हे घर तुझं होतं हेही सांगितलं, तशी ती खुर्चीवर टेकली.

मग तिनं कॉफी केली, मागची लिंबाची झाडं दाखवली. शेवटी म्हणाली, “तुझी आई घर परत मागेल का गं? या वयात मी जाऊ कुठे?”

“नाही हो मावशी. आई नुसती बघायला येईल,” मी म्हणाले.

तुला न विचारता बोलून बसले. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. आई, मी बरोबर बोलले ना?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
आंथूला