घरचं नाक

ता. १४ जानेवारी

चि. छोटूस,
अ. उ. आ.

तू पाठवलेल्या गोळ्या पोचल्या आणि लागूही पडल्या. गालातला ठणका गेला. खाली वाकलं की कपाळात काहीतरी घरंगळल्यासारखं व्हायचं, तेही थांबलं. बरं वाटल्यावर उरलेल्या गोळ्या नेहमीसारख्या डब्यात जपून ठेवल्यात, पुढच्या खेपेला होतील.

पण हे आता फार वेळा व्हायला लागलंय रे. आधी साधं पडसं येतं. ते उतरलं म्हणून जरा हुश्श करावं तर दुप्पट जोरानं उलटतं. मग डोकं, गाल, वरचे दात, सगळंच ठणकत राहतं. तुमच्या गावात नाक-कान-घशाचे मोठे डॉक्टर आहेत असं ऐकलं. इथल्या दवाखान्यात बाळंतपण आणि मलमपट्टी यापलीकडे काही होत नाही. एकदा दाखवून घ्यावं का? तुमच्याकडे दोन-चार दिवस राहावं लागेल, म्हणून आधी विचारते.

दुखण्याचं मला काही वाटत नाही, पण माझं पोट या नाकावर आहे. सकाळी डेअरीच्या धक्क्यावर कॅनचं झाकण उघडलं की पहिला वास मी घेते. मी मान डोलावली की दूध आत, नाक मुरडलं की कॅन बाजूला. लॅबवाल्या साहेबांच्या नळ्या त्यानंतर. हमाल मला नाकवाल्या बाई म्हणतात आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. तुझे भावजी गेल्यावर या नाकानंच मला कुणापुढे हात पसरू दिला नाही.

वहिनीला आशीर्वाद, चिमीला गोड पापा. तिला आत्याचा विसर पडू देऊ नकोस.

माया आहे तशीच असू दे.
तुझी ताई


ता. २२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं. सख्खा भाऊ औषधांच्या दुकानात उभा असताना तू डॉक्टर शोधतेस, म्हणजे माझं नाक कापायलाच निघालीस की! दिवसभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचतो मी. कोण कशावर काय देतो ते मला तोंडपाठ आहे, आणि तुला धाडतो तेच ते देतात.

शिवाय हे दुखणं म्हणायचं का? हे आपलं घरचं नाक. आप्पांना आठव. जन्मभर एका खिशात रुमाल, दुसऱ्यात बामाची डबी. पण दवाखान्याची पायरी चढले का कधी? मोठ्या डॉक्टरांकडे गेलीस की ते आधी फोटो काढायला लावतील, मग नाकात नळी घालतील आणि शेवटी कापायचं म्हणतील. तुझ्या नाकाला सुरी लागली तर धक्क्यावर उभी राहून काय करशील, याचा विचार कर.

यायचं म्हणशील तर घर तुझंच आहे. पण सध्या वहिनीच्या कामाच्या वेळा बदलल्यात. पाहुणा म्हटलं की तिच्या नाकी नऊ येतात आणि मग सगळा राग माझ्यावर निघतो. तेव्हा जरा दमानं घे. सोबत नवं पाकीट आहे, यातल्या गोळ्या थोड्या जास्त ताकदीच्या. वाफ घेत जा.

लोभ आहेच, त्यात खंड नको.
तुझा छोटू


ता. ९ एप्रिल

चि. छोटूस,
अ. उ. आ.

हसणार नसशील तर सांगते. मला वास येईनासा झालाय. एकदम नाही गेला. आधी साबणाचा गेला, मग ओल्या फडक्याचा, आणि परवा गॅसवर दूध उतू जाऊन करपलं ते मला धूर दिसल्यावर कळलं. दुधाचं काम करणारी मी, आणि माझ्याच घरात ही तऱ्हा.

धक्क्यावर कसं निभावतेय ते कुणाला बोलले नाही, तुला सांगते. आता मी कॅनमध्ये नुसती वाकते आणि बघते आणणाऱ्याच्या तोंडाकडे. ज्याला आपलं दूध बिघडल्याचं ठाऊक असतं, तो झाकण उघडताना हमखास दुसरीकडे बघतो. कुणी खिसे चाचपतो, कुणी हवापाण्याच्या गप्पा काढतो. इतक्या वर्षांत ती तोंडं पाठ झालीत. पण गेल्या आठवड्यात एका म्हाताऱ्यानं नासायला आलेलं दूध आणलं. त्या बिचाऱ्याला स्वतःलाच पत्ता नव्हता. सरळ माझ्याकडे बघून हसला, आणि मी मान डोलावली. टाकीभर दूध ओतून द्यावं लागलं. साहेब ओरडले नाहीत, फक्त मला बाजूला घेऊन बरं नाही का म्हणून विचारलं. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मला भीती वाटते. तुझ्या गोळ्या घेतल्या की ठणका जातो, वास काही परत येत नाही. एकदा त्या डॉक्टरांना दाखवू दे. वहिनीला तेवढं विचार. मी तिच्या पायात पायात करणार नाही, माझं अंथरूण माझ्याबरोबर आणीन.

वाट बघते.
तुझी ताई


ता. १८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. नाक चोंदलं की वास जातो आणि मोकळं झालं की येतो, यात नवल ते काय? साहेबांना मात्र काही सांगून बसू नकोस. वहिनीकडे विषय काढला होता. तिचं म्हणणं पडलं की उन्हाळा सरू दे, मग बघू. तिलाही दोष देता येत नाही, दोन खोल्यांचा संसार. या खेपेला दोन पाकिटं पाठवतोय, म्हणजे तुला सारखं मागायला नको. आणि ती तोंडं ओळखायची युक्ती झकास आहे हं! आप्पांची लेक शोभतेस.

आठवणीत असू दे.
तुझा छोटू


ता. २ जून

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून नवल वाटेल. मी यांना न सांगता लिहितेय, कारण मनातलं विचारल्याशिवाय राहवत नाही. माझं काही चुकलं का? किती दिवस झाले, तुम्ही आमच्याकडे फिरकला नाहीत. मी दर सुट्टीत यांच्या मागे लागते की वन्संना बोलवा, चिमीलाही आत्या हवी असते. हे म्हणतात, ताईला रजा मिळत नाही आणि आपल्या अडचणीत राहणं तिला आवडत नाही. जागा लहान आहे हे खरं, पण तुमच्यापुरती नक्की आहे.

चिमीनं मध्ये घाबरवलं होतं. पडसं झालं, बरं झालं, आणि शाळेत जायला लागली तोच पुन्हा ताप भरला, गाल दुखायला लागले. मी यांना म्हटलं, दुकानातून काहीतरी गोळी आणा. तर हे माझ्यावरच उखडले. तपासल्याशिवाय पोरीच्या पोटात अँटिबायोटिक घालायचं म्हणजे खेळ वाटला का, असं म्हणाले. त्याच संध्याकाळी तिला नाकाच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. फार चांगले आहेत हो. ते म्हणाले, साधं पडसं आपलं आपण जातं, त्याला अँटिबायोटिक लागत नाही. पण दहा दिवसांत हटलं नाही, किंवा हटून असं उलटलं, किंवा वर्षात पुन्हा पुन्हा व्हायला लागलं, तर अंगावर काढू नका. आणि डोळ्याभोवती सूज आली किंवा अंधुक दिसलं तर त्या घटकेला दवाखाना गाठा. गोळ्याही दिल्या त्या पुऱ्या संपवायला लावल्या. आता ती छान आहे, वास घेऊन भाजी ओळखायचा खेळ खेळते. म्हणते, मी आत्यासारखी नाकवाली.

राग असेल तर मोकळेपणी कळवा. नसेल तर नुसत्या या.

आपली,
वहिनी


ता. २९ जून

चि. छोटूस,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून कोरंच सोडते.

तू पाठवलेलं दुसरं पाकीट चालू असतानाच माझा डावा डोळा सुजला. सकाळी उघडेना. तरी नाक मुठीत धरून धक्क्यावर गेले, कारण हे घरचं नाक, तू सांगितलं होतंस. टँकरच्या ड्रायव्हरनं माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता मला गाडीत घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. परका माणूस. त्याला तपासायला चिठ्ठी लागली नाही.

ऑपरेशन झालं. पू डोळ्यामागे सरकला होता. डोळा वाचला. वासाचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले वाट बघा, पण आशेवर राहू नका. न तपासता गोळ्या कुणी दिल्या आणि त्या अर्धवट का घेतल्या, म्हणून त्यांनी मला फैलावर घेतलं. मी तुझं नाव सांगितलं नाही. तुझी नोकरी जाऊ नये एवढंच मनात होतं. माझी धक्क्यावरची गेली आहे. आता मी मागच्या हौदावर रिकामे कॅन घासते. हमाल नुसतं बाई म्हणतात.

वहिनीचं पत्र मी दवाखान्यातून परत आले तेव्हा दाराच्या आत पडलेलं होतं. तिला एक शब्द बोललास तर याद राख. तिला ठाऊक नाही तिनं काय लिहिलंय ते.

चिमी बरी झाली, फार बरं वाटलं. मनापासून लिहिते, टोमणा नाही. पण तिचं नाक घरचं नव्हतं का रे? आप्पांचं, माझं तेच तिचं. तिला त्याच संध्याकाळी डॉक्टर, आणि मला टपालानं पाकिटं. घर लहान आहे हे मला ठाऊक नव्हतं का? येऊ नकोस म्हणाला असतास, तर मी रडले असते आणि लॉजवर उतरले असते. तुझी नाही म्हणायला जीभ रेटली नाही, म्हणून तू गोळ्या पाठवत राहिलास आणि नाव बायकोचं पुढे केलंस.

उरलेलं पाकीट या पत्राबरोबर परत पाठवते. उंचावर ठेव, चिमीच्या हाताला लागेल असं नको.

तिकडे येणार आहे मी. वहिनीनं बोलावलंय आणि चिमीला काय काय वास येतात ते मला तिच्याकडून ऐकायचंय. तू घरी असलास तरी चालेल.

एक गोष्ट राहून राहून मनात येते. वास गेल्यावरही धक्क्यावर मी कितीजणांना ओळखलं, केवळ तोंडावरून. तुला मात्र इतके महिने नाही ओळखलं. पत्रं लिहिताना तू कुठे बघत होतास, ते मला दिसत नव्हतं.

लोभ आहे तेवढा पुरे.
ताई