मेलेल्या कॉम्प्युटरवालीसाठी नियम

अहेरी, २ जुलै २००५

अकरम भाईजानले कनीजचा सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? भाभीची शुगर? आमी सगळे बरे आहो. (बरे नाई आहो, पण पत्रात आधी तसंच लिवतात.)

तुमचा तौसीफ ईदले आला अन् तो पासे-कागदाचा खेळ इथी सोडून गेला, तवापासून घराची शांती गेली. एकानं लढणारा व्हायचं, एकानं वैद, एकानं कॉम्प्युटरवाला. पासा पडन तसं नशीब. पुस्तकातला कॉम्प्युटरवाला आभाळातल्या शहरात राह्यते, भिंतीभिंतीत वायर, बसल्या जागी दरवाजे उघडते. आमच्या जंगलात काय उघडन, टेंभराचा बुंधा? म्हणून अरीबानं तीन दिवस वही काळी करून त्याचे नियम इथचे केले: भोंगा, नाक्याचं फाटक, धरणाचे दरवाजे, सगळं कॉम्प्युटरनं चालन. तिले ब्रह्मपुरीले तुमच्या घरी राहून कॉम्प्युटर शिकाचं आहे, अन् यायले (म्हणजे तिच्या अब्बाले) मंजूर नाई. म्हणे, अडचणीत कॉम्प्युटरवाली काय कामाची? पोरगी म्हणे, ‘अब्बा, खेळून पाहा. माझी कॉम्प्युटरवाली शेवटपर्यंत जगली तर जाईन. मेली तर नाव नाई काढणार.’ हे म्हणाले, ‘कबूल. पण लोडशेडिंग पाह्यजे!’ झालं. दर खेपेस पासा, विषम पडला की लाईट गेली; मंग बॅटरीवर, अन् बॅटरीले रेघा तीनच, एका कामाले एक. पंच मी, कारण माह्या दोघांवरही भरोसा नाई.

काल जुम्म्याच्या नमाजनंतर बसलो. नदीपलीकडं औषध पोचवाचं होतं. हे कुऱ्हाडवाले लढणारे. (दुकानात वेल्डिंगचं गिऱ्हाईक उभं ठेवून आले.) वैद कोणीच झालं नाई. लाईट पहिल्याच खेपेस गेली, ते आलीच नाई. पोरीनं रानडुकराले भोंगा वाजवून पळवलं, एक रेघ खलास. नाक्याचं फाटक उघडलं, दुसरी खलास. मंग हे कोणाले न विचारता नदीत उतरले, अन् वरून धरणाचं पाणी सुटलं. इकडं काठावर पोरीच्या मागं अस्वल. रेघ एकच. भोंगा वाजवला तर ती वाचते, धरणाचे दरवाजे लावले तर अब्बा. मी म्हटलं, ‘लवकर बोल, माहा भात लागून राह्यला!’ पोरीनं वहीतले नियम पुन्हा चाळले. यायचा चहा हातातच थंडा. मंग म्हणे, ‘दरवाजे लावते.’ वीस तोंडाच्या पाशावर अठराच्या वर पाह्यजे होते. एकोणीस पडले. हे काठाले लागले. अस्वलानं तिले फाडली. पंच म्हणून मलेच सांगावं लागलं.

अरीबानं वही मिटली अन् पाणी भराले गेली. हे एकटेच पासे टाकत बसले, औषध पोचवलं, अन् जेवले नाई. पण जुबान म्हणजे जुबान. पोरगी येणार नाई, तिच्यासाठी खाट अडवून ठेवू नका.

तुमची बहीण,
कनीज

ता.क. मेलेल्याले उठवाचा नियम पुस्तकात आहे का, तौसीफले विचारा. नसला तर त्यानं लिवावा. इंग्रजीत, टाइप करून. इंग्रजी टाइपापुढं हे तोंड उघडत नाई. अस्वलानं मेलेली चालते, असं साफ घाला. पुढच्या शनिवारी अर्जाची शेवटची तारीख आहे, गुरुवारच्या बसनं कंडक्टरजवळ धाडा. यायले कळता कामा नाई.

आणखी ता.क. वरचं ता.क. हेच बाजूले बसून सांगून राह्यले. ‘यायले कळता कामा नाई’ हेही यायनंच लिवाले लावलं.