नसलेला टीव्ही

४ मार्च २००८
लॅपटॉपला आज पुन्हा टीव्ही दिसला. अंबड कोर्टाचं आवार, लिंबाखाली माझं टायपिंगचं टेबल. इथं टीव्ही कुठून येणार? औरंगाबादला रवीला फोन. जुना लॅपटॉप विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाकून त्यानेच दिलेला. धाकटा भाऊ असून मलाच शिकवतो. "ताई, मागचं टीव्हीचं सॉकेट खराब हाये. त्याला वाटतं टीव्ही जोडलाय, म्हून चित्र तिकडं पाठवतंय." म्हणजे पासवर्डचा चौकोन त्या टीव्हीवर, मी रिकाम्या पडद्यासमोर! देशमुख वकील ताटकळले. शेवटी टाइपरायटरवर बडवून दिलं.
भाऊजी स्टँडसमोरच्या त्यांच्या टायपिंगच्या दुकानातून मुद्दाम आले. "वैनी, भंगार हाये ते. माझ्या दुकानात बसा की." बसते! हे गेल्यावर टेबल टाकलं ते दिराच्या हाताखाली बसायला नाही.

५ मार्च
घरी. आज पडदा दिसला, तेवढ्यात रवीने सांगितलेली ओळ सेटिंगच्या फाइलीत लिहिली: टीव्हीकडे दुर्लक्ष कर. नाव चुकलं. टीव्हीच्या जागी लॅपटॉपच्याच पडद्याचं टाकलं. पठ्ठ्याने ऐकलं. सगळं काळं.
"ताई, मी येईस्तोवर राहू दे."
का म्हणून? टायपिंगच्या क्लासात बाई हातांवर रुमाल टाकायच्या. फोन खांद्यात धरला, रवी एकेक अक्षर सांगत गेला, मी काळ्या पडद्यावर टाइप करत गेले. जुनी फाइल परत जागेवर. बंद करून चालू केला. दिसला!! एकटीच मोठ्याने हसले. मग बरोबर नाव टाकलं. टीव्ही गेला.

११ मार्च
लाइट गेली. भाऊजींचं दुकान अंधारात, माझा लॅपटॉप, प्रिंटर बॅटरीवर चालू. त्यांचीच गिऱ्हाइकं लिंबाखाली. संध्याकाळी म्हणे, "टेबल रिकामं ठेवलंय तुमच्यासाठी."
"टीव्ही ठेवा त्यावर," म्हटलं.
पण मधूनच पडदा थिजतो. अजून टीव्ही शोधतोय मेला.

२० मार्च
पडद्यावर चित्र आणणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तो बनवणाऱ्यांना रवीने लिहिलं होतं. उत्तर: दोष यंत्रात आहे, दुसरं यंत्र वापरा. डोकंच फिरलं. भाऊजींचीच भाषा, फक्त इंग्रजीत.
"परत लिही. सॉकेट मेलंय, मशीन न्हाई. ह्या मॉडेलला टीव्ही न्हाई असं तुमच्याच ड्रायव्हरात घाला म्हणावं."
"ताई, असं न्हाई लिहीत त्यांना."
"मंग माझ्या नावानं लिही."

२ एप्रिल
आलं उत्तर! नवा ड्रायव्हर पाठवलाय, त्यात आमच्या मॉडेलसाठी एक ओळ. चालवून बघा म्हणतात. रवी घाबरतोय, "हाये ते बराबर चाललंय. हे बिघडलं तर बिलकुल काही दिसणार न्हाई." थिजतं ते बराबर? टाकला.
चालू केलाय. पडदा अजून काळा. तोवर हे लिहितेय.
देशमुख वकील आत्ताच येऊन गेले. "बाई, उद्या लंबा दावा हाये. मशीन चालंल ना? न्हाई तर तुमच्या भाऊजींकडं देतो."
"आणा," म्हटलं.