शेवटच्या तीन फळ्या राहू देत

बाबा,

आईला ताप चढलाय. केमोनंतर ताप आला की लगेच या, असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून आम्ही हॉस्पिटलला निघालोय. तू लाकडाच्या वखारीत आणि तुझा फोन अंगणातल्या फळ्यांवर वाजतोय, म्हणून ही चिठ्ठी. गाडी मी चालवतेय. काळजी करू नकोस, लायसन्सच्या परीक्षेत माझं पार्किंग तुझ्यापेक्षा सरळ झालं होतं.

कुंपणाच्या शेवटच्या तीन फळ्या मात्र लावू नकोस. देवदाराच्या वासाने सगळं अंगण सुंदर झालंय. गुळगुळीत बाजू शेजाऱ्यांकडे करायची असते, पण ती तू आईसाठी आत ठेवलीस, हेही मला कळलं. पण केस गेल्यावर तिला कुणी बघू नये म्हणून एवढं उंच कुंपण घालायचं, हे तू ठरवलंस. तिला विचारलंस का?

काल शेजारच्या मिसेस हॅल्वर्सन त्या तीन फळ्यांच्या मोकळ्या जागेतून तिला सूप देत होत्या. आईच्या डोक्याला रुमालसुद्धा नव्हता. आई त्यांना म्हणाली, "डोरीन, उद्यापासून तुला शिडी लागणार."

"लागू दे. पडले तर तुझ्याच अंगणात पडेन."

दोघी खूप हसल्या. मग आई आत येऊन भांडी घासता घासता रडली. मी आल्यावर म्हणाली, "बाबांना सांगू नकोस, एवढी मेहनत घेतोय तो." मी सांगतेय.

त्या तीन फळ्यांचं दार कर. कडी आईच्या बाजूने लाव.

पण ते नंतर. आधी हॉस्पिटलला ये. ती विचारतेय, तू कुठे आहेस.

— मॅरेन